बारदान वजा जाता बावीस किलो चारशे

सिंधुबाई भामरे नेमके काय काम करतात, हे त्यांच्या नात्यात कोणालाच धड सांगता येत नव्हते. देवळ्याकडचे लोक म्हणत, त्या कोर्टात आहेत. पंचवटीतल्या शेजारणी म्हणत, त्या मोडलेले संसार जोडतात. दोन्ही खरे नव्हते. संसार पुरता मोडून झाल्यावरच लोक त्यांच्याकडे येत. घटस्फोट झालेला असे, भांडीकुंडी वाटून झालेली असत, फक्त मूल तेवढे वाटता येत नसे. ते एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बापाकडे राहायचे. शनिवारी पाच वाजता ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आईबापांनी एकमेकांना बोचकारू नये, एवढे पाहणे हे सिंधुबाईंचे काम.

त्यांचा जन्म देवळा तालुक्यात, कांदा पिकवणाऱ्या घरातला. लग्न होऊन नाशकात आल्या. यजमान सहादू एसटीच्या डेपोत मेकॅनिक. अठरा वर्षे त्यांनी अंगणवाडी सांभाळली, दर महिन्याला पोरांना काट्याला टांगून वजने घेतली, तक्त्यावर ठिपके मांडले. मग पंचेचाळिशीत मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, समुपदेशनाची पदविका घेतली आणि निमाणी बसस्थानकाच्या मागे, एका धान्य दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलेल्या समुपदेशन केंद्रात रुजू झाल्या. कौटुंबिक न्यायालय ज्यांना कंटाळे, त्यांच्या फाइली या केंद्रात येत.

अनुभवाने त्यांनी स्वतःपुरते काही नियम केले होते. आईबापांच्या खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या नाहीत. दोघांची तोंडे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. चहा काचेच्या ग्लासात द्यायचा नाही, कारण एकदा एका बापाने आईचा ग्लास बोटभर जास्त भरल्याची लेखी हरकत घेतली होती. स्टीलच्या ग्लासात किती चहा आहे ते समोरच्याला दिसत नाही. आणि 'समजून घ्या' असे कधी म्हणायचे नाही. ते ऐकले की माणसे जास्त चिडतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी निकिता नावाची पाच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे होती. तिच्या आईबापांचे शनिवार चारदा फिसकटले, पोलीस आले, आणि मुलगी एकाच घरी राहिली. दोन वर्षांनी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत बापाची भेट ठरली, तेव्हा तिने त्याला काका म्हणून हाक मारली आणि बिस्किटाबद्दल थँक्यू म्हटले. बाप खोलीतून बाहेर आला आणि ज्या जिन्याने वर आला होता तो जिना कुठे आहे, असे सिंधुबाईंना विचारू लागला. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी सिंधुबाईंना जेवण जात नसे.

महेश विधाते आणि वैष्णवी कुटे यांची फाइल आली तेव्हा तिला दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या, एका दोरीत ती मावत नव्हती. महेशचे पिंपळगाव बसवंतला कांदा-द्राक्षांचे पॅकहाउस, म्हणजे माल निवडून, तोलून भरायची शेड. वैष्णवी सायखेड्याच्या शेतकऱ्याची मुलगी, आता इंदिरानगरला राहून एका खासगी रुग्णालयाच्या औषध दुकानात फार्मासिस्ट. मुलगा रुद्र, सात वर्षांचा. शाळा आडगावजवळ महामार्गावर, म्हणजे दोन्हीकडून बस जाणारी. घटस्फोट कशावरून झाला ते सिंधुबाईंनी विचारले नाही. विचारले असते तर दोन वेगवेगळी उत्तरे ऐकण्यात त्यांचा हिवाळा गेला असता.

एका वर्षात दोघांनी मिळून पोलिसांत सात तक्रारी दिल्या होत्या. त्यांपैकी एक पाण्याच्या बाटलीचे झाकण बदलून परत आल्याबद्दल होती. शेवटी न्यायालयाने आदेश दिला: सलग बारा शनिवार केंद्रात, समुपदेशकासमोर मुलाची देवाणघेवाण करा. बारा शनिवार नीट गेले तर आठवड्याआड दोन्ही घरे, ही व्यवस्था कायम. एकही शनिवार पोलिसांपर्यंत गेला तर मूल एकाच घरी, आणि दुसऱ्याला महिन्यातून दोन तास न्यायालयाच्या खोलीत भेट. मूल कोणत्या घरी, ते न्यायालय तेव्हा ठरवणार होते. त्यामुळे महेश आणि वैष्णवी दोघेही, ते आपल्याच घरी, असे धरून चालले होते. शनिवार फिसकटण्याची भीती त्या दोघांना नव्हतीच. ती होती सिंधुबाईंना, आणि रुद्रला.

रुद्रशी त्या आधी एकट्याने बोलल्या. त्याने चित्र काढले. एका घरात आजी कुसाबाई, द्राक्षाच्या क्रेटमध्ये झोपणारी मांजर आणि त्याची गादी. दुसऱ्या घरात सायकल, गॅलरी आणि त्याची दुसरी गादी. गाद्या त्याने अगदी सारख्या काढल्या होत्या. मग पेन्सिल खाली ठेवून त्याने विचारले, "बारा झाले की कुठलं घर बंद होणार?"

कुठलंच नाही, असे सिंधुबाई म्हणाल्या. आणि आपण हे कोणाच्या भरवशावर बोललो, याचा विचार करत बसल्या.

पहिल्या शनिवारी वैष्णवीने रुद्रला आणले. सोबत रुग्णालयाच्या कागदावर तिने स्वतः लिहिलेले वजन होते: एकवीस किलो दोनशे. वडिलांकडून पोरगा दर वेळी वाळून येतो, म्हणून यापुढे वजन लिहूनच त्याला देईन, असे तिने कॅलेंडरकडे पाहत सांगितले. महेशनेही खिशातून पॅकहाउसच्या काट्याची पावती काढली. गेल्या शनिवारी रुद्र त्याच्याकडून गेला तेव्हाची ती होती: एकवीस किलो शंभर.

"बाई, यांना सांगा," महेश म्हणाला, "आमच्याकडं पोरगं दाबून खातं. घट आली तर ती यांच्याकडंच येती."

कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवलेला कांदा वाळून वजनाला कमी भरतो, त्या तुटीला बाजारात घट म्हणतात.

"आणि त्यांना सांगा," वैष्णवी म्हणाली, "माझं पोर म्हणजे त्यांच्या चाळीतला कांदा नाही." आणि लगेच पुढच्या वाक्यात तिने मागणी केली ती काट्याचीच.

इथे दुसरे कोणी असते, शहरात वाढलेले, चार पुस्तके जास्त वाचलेले, तर थबकले असते. पण त्या खोलीतल्या तिघांचेही बालपण कांद्याच्या लिलावात गेलेले होते. वजनावरून वाद झाला की दोन्ही पक्षांनी काट्याभोवती उभे राहायचे, आकडा मोठ्याने पुकारायचा, पावती फाडायची आणि घरी जायचे, हे तिघांनी चालायला लागल्यापासून पाहिलेले. त्यात सिंधुबाईंनी अठरा वर्षे दुसऱ्यांची पोरे तोललेली. मुलाला काट्यावर उभे करण्यात काही वावगे आहे, हे तिघांपैकी एकाच्याही मनाला शिवले नाही. प्रश्न एवढाच होता, की काटा कोणाचा. वैष्णवीचा न्हाणीघरातला काटा महेशला मान्य नव्हता आणि पॅकहाउसचा काटा वैष्णवीला. तेव्हा सिंधुबाईंनी तोडगा काढला: खालच्या धान्य दुकानातल्या नाथाशेठचा काटा. नाथाशेठ दोघांच्याही नात्यातला नव्हता.

सगळे खाली दुकानात उतरले. रुद्र काट्यावर उभा राहिला आणि नवा वाद निघाला. त्याच्या अंगात स्वेटर होता, पायात बूट. बाजारात कांद्याच्या वजनातून गोणीचे वजन कापतात, त्याला बारदान म्हणतात. महेश म्हणाला, स्वेटर बारदानात धरा. वैष्णवी म्हणाली, स्वेटर धरा पण बनियन धरू नका, बनियन अंगाचाच भाग आहे. सिंधुबाईंनी कपडे वेगळे तोलायला लावले. नाथाशेठने बाजार समितीच्या थाटात, समोर शंभर माणसे असावीत तसे पुकारले, "बारदान वजा जाता बावीस किलो चारशे."

आकडा दोघांच्याही कागदांपेक्षा सव्वा किलोने जास्त होता आणि दोघांनाही तो आपलाच पराक्रम वाटला. वैष्णवीला वाटले, ही आठवडाभराच्या नाचणीच्या सत्त्वाची कमाई. महेशला वाटले, हे कुसाबाईचे लाडूच अजून अंगी लागताहेत. दोघांनी सह्या केल्या. देवाणघेवाण नऊ मिनिटांत आटोपली. केंद्राच्या इतिहासात असे घडले नव्हते.

सिंधुबाईंना शंका आली होती. दोन वैऱ्यांचे दोन काटे शंभर ग्रॅममध्ये जुळतात आणि तिसराच सव्वा किलो पुढे धावतो, हे काही बरोबर नाही. पण दोघे शांत होते, आणि असे शांत आईबाप त्यांना फार दिवसांनी मिळाले होते. त्यांनी शंका मिटवून वही बंद केली.

पुढे शनिवारांना एक शिस्त आली. काट्यासाठी एक हाफ पँट आणि एक बनियन केंद्रातच ठेवले गेले. ते रुद्रचे अधिकृत बारदान. दुसऱ्या शनिवारी महेशने जिन्याखाली गाडीतच त्याला चार केळी चारली आणि लिटरभर पाणी पाजले. रुद्र पाय आवळून उभा होता आणि बाप म्हणत होता, "थांब रे, आधी काट्यावर चढ." सिंधुबाईंनी नियम केला, आधी लघवी, मग वजन. तिसऱ्या शनिवारी वैष्णवीने या नियमावर हरकत घेतली, की लघवीला किती वेळ द्यायचा ते लिहिलेले नाही. पाच मिनिटे, असे ठरले.

चौथ्या शनिवारी महेशने त्याचे केस कापून आणले. न विचारता. वैष्णवीने कापलेले केस मागितले. महेश हसेल असे सिंधुबाईंना वाटले होते, पण त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. असे काहीतरी होणार हे ओळखून त्याने सलूनमधून केस झाडून आणले होते. ते तोलायचे ठरले, पण नाथाशेठच्या काट्यावर ते शून्यच दाखवत राहिले, आणि त्याबद्दलही 'निरंक' अशी नोंद करून दोघांनी सह्या केल्या.

सातव्या शनिवारी वैष्णवीने रुद्रचा पडलेला दुधाचा दात आणला, औषधांच्या पाकिटात, वर तारीख, वेळ आणि 'वरचा, डावीकडचा' असे लेबल. दात कोणी ठेवायचा यावर पंचवीस मिनिटे गेली. आई म्हणे, माझ्या घरी पडला. बाप म्हणे, हलायला माझ्या घरी लागला होता. शेवटी दात सिंधुबाईंच्या ड्रॉवरमध्ये गेला. संध्याकाळी त्या घरी सहादूंना म्हणाल्या, आज माझ्याकडे एक दात जमा झाला. सहादूंनी बत्तीस वर्षे एसटीची इंजिने उघडली होती. त्यांनी काही विचारले नाही.

आठव्या शनिवारी महेशने कौतुकाने एक किस्सा सांगितला. शाळेत नवीन बाई आल्या. त्यांनी मुलांना आपापली ओळख करून द्यायला सांगितले. रुद्र उभा राहिला आणि म्हणाला, मी रुद्र, बावीस किलो पाचशे, कपड्यांशिवाय. वैष्णवीसुद्धा कॅलेंडरकडे बघत हसली. आठ शनिवारांत दोघे एका गोष्टीवर हसले, म्हणून सिंधुबाईंनाही हसायला हवे होते. त्यांना हसू आले नाही. पण चारच शनिवार राहिले होते. चालत्या गाड्याला खीळ घालायची त्यांची छाती झाली नाही.

नवव्या शनिवारी बावीस किलो सहाशे.

दहाव्या शनिवारी महेश रुद्रला घेऊन आला. पाच मिनिटे झाली, बारदान चढले, रुद्र काट्यावर उभा राहिला. नाथाशेठ आकड्याकडे बघत राहिला आणि पुकारेना. मग वैष्णवीच पुढे वाकली. एकवीस किलो चारशे.

"बाराशे ग्रॅम," ती म्हणाली. "आठ दिवसांत बाराशे ग्रॅम." आणि तिने पर्समधून फोन काढला.

महेशचा चेहरा पडला. तो म्हणाला, यांना सांगा, मागच्या शनिवारी यांनीच पोराला पाणी पाजून आणलं असणार. वैष्णवी म्हणाली, त्यांना सांगा, जे सांगायचं ते आता पोलिसांना सांगा. ती नंबर शोधू लागली. महेशनेही फोन काढला. कोणाचा आधी लागतो, अशी शर्यत सुरू झाली.

रुद्र काट्यावरून खाली उतरला, पुन्हा चढला. आकडा तोच. तिसऱ्यांदा चढला. मग सिंधुबाईंकडे बघून हळूच म्हणाला, "मी दप्तर घेऊन उभा राहू का?"

तेवढ्यात नाथाशेठने सिंधुबाईंना डाळीच्या पोत्यांमागे बोलावले. त्याच्या कपाळावर घाम होता.

"ताई, बुधवारी वजनमापवाले येऊन गेले. काटा नीट करून शिक्का मारून गेले."

"म्हणजे आधी नीट नव्हता?"

"थोडा पुढं होता."

"किती?"

"वीस किलोमागं किलो, सव्वा किलो. दिवाळीपासून. मशीन हाय ताई, तिला काय कळतंय."

मशीनला कळत नसले तरी ते नाथाशेठला कळत होते, हे सिंधुबाईंना कळले. दिवाळीपासून पंचवटीतली किती घरे वीस किलोमागे सव्वा किलो कमी डाळ खात होती, हा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. आजचा काटा बिघडला आहे, असे सांगता आले असते. मग नऊ शनिवारांच्या नोंदी शाबूत राहिल्या असत्या, त्यांची वही शाबूत राहिली असती. पण पुढच्या शनिवारीही आकडा एकवीसच दाखवणार होता, आणि तोपर्यंत एका बापाच्या माथी पोराला उपाशी ठेवल्याचा डाग बसणार होता. दुसरी वाट खरे सांगण्याची. नऊ सह्या, नऊ पावत्या, सगळे खोटे, आणि हे पहिल्या दिवशीच त्यांच्या ध्यानात यायला हवे होते. खरे तर आलेही होते.

वैष्णवीच्या कानाला लावलेल्या फोनमधून रिंग जात असलेली ऐकू येत होती. सिंधुबाई पोत्यांमागून बाहेर आल्या आणि त्यांच्या तोंडून माहेरची अहिराणी निघाली.

"हाऊ काटा खोटा व्हता."

दोघांनी त्यांच्याकडे पाहिले.

"आजचा खरा आहे," त्या सावरून म्हणाल्या. "आधीचे नऊ खोटे. पोराचं वजन वाढलं नव्हतं आणि आता उतरलेलंही नाही. तुमच्या दोघांच्या घरचे काटे बरोबर होते. मला पहिल्याच दिवशी शंका आली होती, मी तपासलं नाही. चूक माझी आहे."

वैष्णवीने फोन बंद केला. कांद्याच्या घरात काटा मारणे यापेक्षा मोठी शिवी नाही. व्यापाऱ्याने दर पाडला तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. काटा मारला तर तीन पिढ्या त्याच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. वैष्णवी वळली आणि दीड वर्षात पहिल्यांदा, मध्ये कोणाला न घालता, सरळ महेशला म्हणाली, "ऐकलंस?"

"ऐकलं," महेश म्हणाला. "नऊ शनिवार."

"आणि आपण सह्या करत बसलो."

"मी तर पावत्या लॅमिनेट करून ठेवल्यात."

दोघांनी सिंधुबाईंकडे असे पाहिले, जणू त्या दोघांच्या संसाराचे वाटोळे याच बाईने केले. मग कपडे बदललेल्या रुद्रला मध्ये घेऊन ते रस्ता ओलांडून समोरच्या मिसळीच्या दुकानात गेले. पोलिसांना फोन करायचा राहूनच गेला.

सिंधुबाई वर जाऊन खिडकीत उभ्या राहिल्या. समोर टेबलावर तीन डोकी एका वहीवर वाकलेली दिसत होती. वही रुद्रचीच असावी. वैष्णवी लिहीत होती, महेश बोट ठेवून काहीतरी खोडायला लावत होता, ती मान हलवत होती, मग खोडत होती. रुद्र दोन बश्यांतली शेव आलटून पालटून खात होता. पाऊण तास ते तिथे बसले. पाऊण तास एका टेबलाशी हे दोघे बसू शकतात, हे फाइलच्या दोन्ही दोऱ्या सोडूनही कुठे सापडले नसते. सिंधुबाईंना आधी बरे वाटले. मग ते आपल्याविरुद्ध लिहीत आहेत हे लक्षात आले. आणि तरीही थोडेसे बरे वाटतच राहिले.

सोमवारी तक्रार केंद्राच्या संचालक योगिनी मॅडमच्या टेबलावर होती. योगिनी मॅडम चौतिशीच्या, समाजकार्यातली मोठी पदवी घेतलेल्या. त्यांनी ती दोनदा वाचली. खाली दोन सह्या होत्या. आधी कोणाचे नाव घालायचे यावर एकमत झालेले नसावे, कारण महेश विधाते यांच्या नावापुढे 'अर्जदार क्रमांक एक' लिहिले होते आणि वैष्णवी कुटे यांच्या नावापुढेही 'अर्जदार क्रमांक एक'. मजकुरात मात्र कुठे फट नव्हती. सदर समुपदेशक बाईंनी आम्हा उभयतांची सारखीच फसवणूक केली असून याबाबत आमच्यात कोणताही मतभेद नाही, असे त्यात होते.

योगिनी मॅडमना फसवणुकीचे फार काही वाटले नाही. त्यांना दुसरेच वाटले.

"सिंधुताई, तुम्ही मुलाला धान्याच्या काट्यावर उभं करत होता?"

"हो."

"दर शनिवारी?"

"हो."

"आणि कपड्यांचं वजन वजा करत होता?"

"त्याशिवाय खरं वजन कसं कळणार?" सिंधुबाई म्हणाल्या. आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेत उभा राहून आपले वजन सांगणारा रुद्र आला. त्यांनी पाणी मागितले.

वजन बंद करण्याचा आदेश त्याच दिवशी निघाला. फाइल दुसऱ्या समुपदेशकाकडे द्यावी, असाही विचार झाला. तसे दोन्ही अर्जदार क्रमांक एकला फोनवर कळवले, तर दोघांनीही हरकत घेतली, वेगवेगळ्या फोनवर आणि जवळजवळ त्याच शब्दांत. नवीन बाई आल्या तर पहिल्यापासून सगळे सांगावे लागेल. या बाईंच्या चुका आता आम्हाला पाठ आहेत. यांच्यावर लक्ष ठेवणे सोपे.

अकराव्या शनिवारी दोघे अर्धा तास आधी आले, लक्ष ठेवायला. महेशने पिंपळगावहून शिक्का मारलेले वीस किलोचे लोखंडी वजन आणले होते. नाथाशेठच्या काट्यावर ते ठेवून बघायचे होते. ते गाडीतून काढताना एका बाजूने महेशने धरले, दुसऱ्या बाजूने वैष्णवीने. तिला त्याच्यावर विश्वास नव्हता, त्याने वाटेत काही केले तर. काट्याने बरोबर वीस दाखवले. दोघांनी सह्या केल्या आणि समाधानाने वर आले. रुद्र मागे मागे येत होता. पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाचे तरी वजन झाले होते.

बाराव्या शनिवारी करायला काहीच उरले नाही. काटा नाही, बारदान नाही, सह्या नाहीत. महेश रुद्रला घेऊन आला, वैष्णवी समोरून आली. पाच वाजून दोन मिनिटे झाली आणि दोघे उभेच राहिले. एरवी ज्या वेळात आकडे पुकारले जात, तो वेळ खोलीत रिकामा पडून होता. सिंधुबाईंनी चहा दिला नाही. त्यांना धास्ती होती, आता या रिकाम्या वेळात कोण काय उकरून काढेल, याची.

शेवटी महेशने घसा साफ केला.

"त्याला दोन दिवस खोकला हाय," तो कॅलेंडरकडे न बघता म्हणाला. "रातच्याला जास्त. आईनं हळदीचं दूध दिलं, पण ते त्याला नको वाटतं."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून. ताप नाय."

"कफ पडतोय?"

"नाय. कोरडा हाय."

वैष्णवीने वाकून रुद्रच्या छातीला कान लावला, क्षणभर ऐकले, मान हलवली. मग तिचे लक्ष सिंधुबाईंच्या हातातल्या पेनाकडे गेले.

"हे लिहायचं नाही, बाई."

"नाय लिहायचं," महेश म्हणाला.

सिंधुबाईंनी पेन खाली ठेवले.

अहवाल त्यांनी एका पानात दिला. बारा शनिवार झाले, पोलिसांत तक्रार नाही, असे लिहिले आणि सोबत दोघांनी मिळून केलेली तक्रार जोडली, काहीही न लपवता. न्यायालयाने दोन्ही घरे कायम ठेवली. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी दुपारी पोटभर जेवण केले.

तक्रारीची सुनावणी महिन्याभराने, मंगळवारी, केंद्राच्या समितीपुढे झाली. महेश आणि वैष्णवी एकाच बाकावर बसले होते. एकाचे वाक्य अडले की दुसरा पुरे करत होता. सिंधुबाईंनी सगळे मान्य केले. समितीने त्यांना लेखी समज दिली: मुलाला तोलायला नको होते आणि शंका आली तेव्हाच ती बोलून दाखवायला हवी होती. सिंधुबाईंना त्यातला एकही शब्द चुकीचा वाटला नाही. वैष्णवीने त्या पत्राच्या दोन प्रती मागितल्या, दोन्ही घरांत एक एक.

जिन्यात महेशने मागे वळून पाहिले.

"बाई, राग मानू नका. जे खरं ते बोललो." मग जरा काळजीने, "या शनिवारी आहात ना?"

आता देवाणघेवाणीला केंद्रात यायची गरज उरलेली नव्हती, आदेशात तसे लिहिले होते. महामार्गावर शाळेच्या दारातही ती होऊ शकत होती. ते सांगायला सिंधुबाईंनी तोंड उघडले. खाली वैष्णवी रुद्रला घेऊन उभी होती, तीही वर बघत होती, उत्तराची वाट पाहत.

"आहे," सिंधुबाई म्हणाल्या. "पाच वाजता."

"उशीर करू नका," वैष्णवी खालून म्हणाली. आणि तिघे दुकानावरून पुढे रस्त्याकडे गेले, सिंधुबाईंबद्दल काहीतरी बोलत.